पोल्टावा, १७०९: स्वीडनची फौज त्या सकाळी हरली की आधीच्या हिवाळ्यात?

वाटसरू

स्वीडन आणि रशिया यांच्यातल्या पोल्टावाच्या लढाईबद्दल काहीही वाचायला घ्या, स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच्या पायाला लागलेली गोळी सगळ्यात आधी येते. राजा घोड्यावर असता तर निकाल फिरला असता, असं म्हणणारे आजही पुष्कळ भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की ही लढाई उभी राहायच्या नऊ महिने आधीच स्वीडन ती हरून बसला होता, आणि ज्या जागी हरला तिचं नाव बहुतेक वेळा तळटिपेत सापडतं: लेस्नाया.

ज्यांनी हे वाचलेलं नाही त्यांच्यासाठी मागचं थोडक्यात सांगतो. १७०० मध्ये रशिया, डेन्मार्क आणि सॅक्सनी-पोलंडचा ऑगस्टस यांनी मिळून स्वीडनशी युद्ध काढलं. बाल्टिक समुद्रावर तेव्हा स्वीडनचा दरारा होता आणि गादीवर मिसरूड न फुटलेला पोरगा. त्या पोराने वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच साली, नार्वाला हिमवादळात कितीतरी मोठ्या रशियन फौजेची दाणादाण उडवली. मग मात्र तो रशिया सोडून ऑगस्टसच्या मागे लागला. १७०६ मध्ये ऑगस्टसला पोलंडची गादी सोडायला लावली आणि त्यानंतर मॉस्कोकडे वळला. मधली सहा वर्षं रशियाचा झार पीटर याला फुकट मिळाली.

आता सप्टेंबर १७०८. चार्ल्स तातार्स्क गावापाशी थांबलाय. पुढे स्मोलेन्स्क, त्यापुढे मॉस्को, आणि समोर क्षितिजावर नुसता धूर. पीटरच्या घोडेस्वारांनी गावं, कोठारं, उभी पिकं जाळत नेली होती. मागून सेनापती लेव्हेनहाउप्ट रीगाकडून येत होता: साडेबारा हजारांच्या आसपास माणसं आणि हजारो गाड्या, त्यात दारूगोळा, धान्य, हिवाळ्याचे कपडे. पावसाने रस्त्यांचा चिखल केलेला, गाड्या रुतत होत्या, म्हणून तो मागे पडलेला. चार्ल्सने त्याची वाट पाहिली नाही. फौज दक्षिणेला, युक्रेनकडे वळवली. दोघांच्या मधे शंभरावर किलोमीटरची मोकळी जागा राहिली आणि पीटर त्या फटीत शिरला.

लेस्नायाला दिवसभर झुंज झाली. संध्याकाळी बर्फ पडायला लागलं. रात्री लेव्हेनहाउप्टने गाड्या पेटवायचा आणि तोफा दलदलीत बुडवायचा हुकूम दिला. अंधारात शिपायांनी ब्रँडीची पिंपं फोडली, पिऊन कितीतरी जण जंगलात भरकटले. चार्ल्सपर्यंत पोचले ते साडेसहा हजारांच्या घरात, आणि रिकाम्या हाताने. ज्या मदतीसाठी सगळा उन्हाळा गेला ती मदत म्हणजे आणखी साडेसहा हजार भुकेली तोंडं.

पीटरने स्वतः पुढे लेस्नायाला 'पोल्टावाच्या विजयाची आई' म्हटलं, कारण दोन्हींच्या मधे नेमके नऊ महिने. जिंकणाऱ्यालाच इतकं स्वच्छ कळलं होतं, तर आपण अजून राजाच्या पायाचं काय घेऊन बसलोय?

तोफखाना

वाटसरू, लेस्नायाचं वर्णन नेमकं केलंत. निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे. उपाशी फौजाही लढाया जिंकतात, आणि ही फौज त्या सकाळी जिंकायच्या बेताने निघाली होती. ती हरली ते तिच्या सरदारांची तोंडं बंद राहिली म्हणून.

रात्रीचा बेत बघा. पीटरची छावणी वोर्स्कला नदीकडे पाठ करून. छावणीकडे यायच्या वाटेवर, दोन जंगलांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात रशियनांनी मातीचे सहा मोर्चे एका ओळीत बांधले होते. मग त्या ओळीतून स्वीडिश तळाकडे निघालेले आणखी चार, म्हणजे वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षर. स्वीडिश बेत असा की अंधारात या मोर्च्यांच्या बाजूने झपाट्याने निघून जायचं, मोर्च्यांशी झुंजत बसायचं नाही, आणि थेट छावणीपुढे उभं राहायचं. पायदळ मध्यरात्री जाग्यावर येऊन गवतात पडून राहिलं. घोडदळ वाट चुकलं आणि उशिरा आलं. त्या थांबलेल्या वेळात त्यांना अंधारातून कुऱ्हाडींचा आवाज ऐकू येत होता: रशियन लोक पुढचे मोर्चे अजून बांधत होते. दहापैकी दोन तर पुरे व्हायचेच होते. ती जून अखेरची रात्र, उजाडायला कितीसा वेळ लागणार? फटफटलं, रशियनांनी पाहिलं, आणि अचानक हल्ला करायची संधी गेली.

इथवर दैवाला दोष देऊ. पुढचं दैवाचं नाही. राजा डोलीत, म्हणून हुकूम फील्ड मार्शल रेनशोल्डच्या हाती. त्याने बेत मोजक्या लोकांना सांगितला. पायदळाचा प्रमुख लेव्हेनहाउप्ट, याच्याशी त्याचं पटत नव्हतं, म्हणून त्यालाही धड कल्पना नाही. परिणाम काय? सेनापती रोस सहा पलटणी, म्हणजे जवळपास २६०० माणसं घेऊन तिसऱ्या मोर्च्यावर पुन्हा पुन्हा धडका देत राहिला. 'बाजूने निघून जायचं' हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! बाकीची फौज पुढे गेली, तो मागे अडकला, रशियनांनी त्याला वेगळं पाडलं. शेवटी चारेकशे माणसांनिशी त्याने शस्त्रं ठेवली. रेनशोल्ड इकडे त्याची वाट बघत दोन तास थांबला.

शेवटच्या चढाईला स्वीडनकडे उरलं चार हजारांच्या आसपास पायदळ. समोर वीस हजारांहून जास्त, दोन रांगांत. ते २६०० जण असते तर? चार हजारांत २६०० म्हणजे निम्म्याहून जास्त भर. हा हिशेब भुकेचा नाही, हुकुमाचा आहे.

आणि तोफांबद्दल: लढाईत स्वीडनने चारच तोफा नेल्या, बाकीच्या तळावर ठेवल्या. लोक लगेच म्हणतात, दारू संपली होती. दारूची चणचण होती, मान्य. पण तोफा मागे ठेवल्या त्या मुख्यतः वेगासाठी. त्यांची सगळी रीतच तशी: जवळ जायचं, एक-दोन फैरी झाडायच्या आणि तलवारी-भाले घेऊन भिडायचं. नार्वाला जमलं, १७०८ च्या जुलैत होलोव्चिनला जमलं. इथे शंभर रशियन तोफांपुढे ते जमणार नाही, हे बेत करणाऱ्याला कळायला हवं होतं.

सुभेदार_निवृत्त

दोघांचं वाचलं. मी लष्कराच्या पुरवठा विभागात चोवीस वर्षं काढली, त्यातली पाच डोंगराळ भागात, म्हणून माझ्या बाजूने थोडं बोलतो.

वाटसरू, चार्ल्सने लेव्हेनहाउप्टची वाट का पाहिली नाही, हे तुम्ही चूक म्हणून लिहिलंत. मला ती निव्वळ चूक वाटत नाही. उभी फौज चालत्या फौजेपेक्षा लवकर उपाशी मरते. एक घोडा दिवसाला आठ-दहा किलो चारा खातो. हजारो घोडे जळलेल्या मुलखात आठवडाभर उभे करा आणि नवव्या दिवशी मोजा. त्याच्यापुढे दोनच पर्याय होते, थांबून घोडे मारायचे किंवा हलून गाड्या गमवायच्या. असा प्रसंग येणार हे उन्हाळ्यातच ओळखायला हवं होतं. चूक तिथली, सप्टेंबरमधली नव्हे.

दुसरं, थंडी. तो १७०८-०९ चा हिवाळा सगळ्या युरोपात भयंकर गेला. डिसेंबरात ही फौज हाद्याच नावाच्या लहानशा गावात निवाऱ्याला शिरायला गेली. आत जायला वाट एकच, अरुंद. गाड्या, घोडे, माणसं सगळी दारात कोंडली आणि कित्येक जण बाहेर उघड्यावर रात्र काढताना गोठून गेले. आत शल्यचिकित्सक बोटं कापत बसलेले.

हे वाचताना मला आमचा एक ताफा आठवतो. खिंडीखाली दोन रात्री अडकलो होतो. पुढची गाडी बंद पडली की मागची चाळीस बंद. रॉकेलचा डबा उघडायला गेलो तर झाकण बोटांना कळेना. डोळ्यांनी बघून हात लावायचा, कातडीला काही जाणवत नव्हतं. आमच्याकडे तंबू होते, स्टोव्ह होते, वायरलेस होता. तरी दुसऱ्या रात्री माझ्या एका चांगल्या ड्रायव्हरने मला विचारलं, साहेब, खाली परत जाऊया का? तो भित्रा नव्हता. थंडी माणसाच्या इच्छेतून हवा काढते. तसा एक आख्खा हिवाळा काढलेल्या चार हजारांना जूनच्या सकाळी तोफांच्या तोंडी चालायला सांगितलं, आणि ते चालले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

तोफखाना, म्हणून तुमचा चार हजार अधिक २६०० हा हिशेब कागदावर बरोबर असला तरी ती माणसं १७०७ ची माणसं राहिली नव्हती, हे त्यात धरा.

कोरा_कागद

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद स्वीडन कसा हरला यावर. कुणी जिंकलं की नाही?

ही सवय जुनी आहे. एखादा मोठा योद्धा हरला की त्याच्या चुका मोजायच्या आणि ज्याने हरवलं त्याला थंडी, चिखल आणि नशीब यांच्या रांगेत उभं करायचं. मला हे पीटरवर अन्यायाचं वाटतं.

नार्वानंतर त्याची तोफच उरली नव्हती, म्हणून त्याने चर्चच्या घंटा वितळवल्या. धार्मिक देशात राजाने देवळाची घंटा उतरवायची, ही किती मोठी गोष्ट! १७०५ पासून ठरावीक घरांमागे एक शिपाई अशी सक्तीची भरती लावली. पोलंडमधल्या झोल्क्येव्हला सरदारांशी बसून ठरवलं की पोलंडात मोठी लढाई द्यायची नाही, मागे हटत जायचं, वाटेत काही ठेवायचं नाही. वाटसरूंनी ज्या धुराला आणि तोफखाना, तुम्ही ज्या मातीच्या मोर्च्यांना आपोआप घडलेल्या गोष्टींसारखं लिहिलंत, ते कुणीतरी डोकं लावून केलं होतं. रोस अडकला कारण तो मोर्चा माणसाला अडकवण्यासाठीच तिथे बांधला होता.

शेवटच्या चढाईत उजवीकडच्या स्वीडिश गार्ड पलटणींनी रशियन पहिली फळी खरोखर फोडली, तोफाही हस्तगत केल्या. नार्वाला असं झालं असतं तर रशियन पळाले असते. इथे दुसरी रांग उभी होती. नोव्हगोरोद पलटणीची पुढची तुकडी मागे रेटली गेली तेव्हा पीटर स्वतः मागच्या तुकडीला घेऊन पुढे आला, असं परंपरेने सांगतात. त्याच वेळी स्वीडिश डावी बाजू मागे राहिलेली, मधे खिंडार पडलेलं, त्यात रशियन पायदळ शिरलं. अर्ध्या तासात खेळ खलास. रशियाचे १३४५ मेले, स्वीडनचे ६९०० च्या आसपास. नऊ वर्षांपूर्वी जे सैन्य नव्हतंच, ते त्याने उभं केलं. त्याचं श्रेय लेस्नायाला नको आणि रेनशोल्डच्या अबोल्यालाही नको.

तोफखाना

कोरा_कागद, मुद्दा मान्य, आणि 'आपोआप' हा माझ्या लिहिण्यातला दोष तोही मान्य. ब्रूससारखा तोफांचा जाणकार रशियाकडे होता आणि त्याच्या तोफांनी त्या अर्ध्या तासात काय केलं हे मी लिहायला हवं होतं.

पण माझा प्रश्न अजून उभा आहे. सकाळच्या पहिल्या टप्प्यात लेव्हेनहाउप्ट सहा पलटणी घेऊन मोर्चे ओलांडून छावणीच्या दक्षिण बाजूला पोचला होता. तो तिथून छावणीवर तुटून पडणार तोच त्याला मागे बोलावलं गेलं. कुणी बोलावलं? लेव्हेनहाउप्ट म्हणाला हुकूम आला, रेनशोल्ड म्हणाला मी दिलाच नाही. पुढे वर्षानुवर्षं हा वाद चालला. ज्या फौजेत इतका मोठा हुकूम कुणी दिला हेच ठरत नाही, ती फौज पोट भरलेलं असतं तरी जिंकली असती का?

नाचणी

तुम्ही सगळे स्वीडन आणि रशिया या दोनच बाजूंनी बोलताय. लढाई झाली ती जमीन कुणाची होती?

चार्ल्स दक्षिणेला वळला तो फक्त धान्यासाठी नाही. युक्रेनी कझाकांचा प्रमुख हेटमन माझेपा याने पीटरची साथ सोडून चार्ल्सला मिळायचं ठरवलं होतं. त्याची राजधानी बातुरिन, तिथे धान्य आणि दारूगोळ्याचे साठे. म्हणजे लेस्नायाला जे गेलं ते बातुरिनला भरून निघालं असतं. पीटरचा सेनापती मेन्शिकोव्ह याने हे ओळखलं आणि नोव्हेंबर १७०८ मध्ये चार्ल्स पोचायच्या आधी बातुरिन घेतलं. साठे गेले, शहर जळलं, आतल्या माणसांची कत्तल झाली, बायकापोरांचीही. युक्रेनमध्ये ते आजही विसरलेले नाहीत. वाटसरू, तुमचा लेस्नायाचा मुद्दा अर्धा आहे. उरलेला अर्धा बातुरिन आहे, आणि तो तुमच्या मांडणीत कुठेच नव्हता याचं मला वाईट वाटलं.

कोरा_कागद, तुम्ही पीटरच्या श्रेयाबद्दल बोललात. बातुरिनही त्याच खात्यावर लिहा. ज्या हुशारीचं आपण कौतुक करतो तिची किंमत त्या गावाने दिली.

आणखी एक गोष्ट जी लढाईच्या वर्णनात सहसा राहते. १७०९ च्या वसंतात नीपर नदीकाठचे झापोरोझियन कझाक चार्ल्सला मिळाले. त्यांच्याकडे होड्या होत्या. रशियन फौजेने लगेच खाली उतरून पेरेव्होलोच्ना इथल्या त्यांच्या होड्या नष्ट केल्या, आणि मे महिन्यात त्यांचं मुख्य ठाणं, सिच, उद्ध्वस्त केलं. तेव्हा कुणाला वाटलं असेल, होड्या जाळून काय मोठं झालं? पोल्टावानंतर तिसऱ्या दिवशी पळती स्वीडिश फौज त्याच पेरेव्होलोच्नाला नदीकाठी येऊन उभी राहिली.

वाटसरू

नाचणीताई, तुमचं बोलणं लागलं आणि ते बरोबर आहे. बातुरिन मी सोडायला नको होतं. मी 'लेस्नाया' म्हणत होतो ते आता 'लेस्नाया ते बातुरिन, सहा आठवड्यांहून कमी काळ' असं म्हणेन. माझा मूळ मुद्दा त्याने पक्काच होतो.

सुभेदारकाका, 'चूक उन्हाळ्यातली' हे मी वहीत लिहून घेतलं.

तोफखाना, तुमच्याशी मात्र मी अजून सहमत नाही. तुम्ही म्हणता ते २६०० असते तर. समजा असते, समजा छावणीही पडली. मग पुढे? राजाची फौज वीसेक हजारांची, आजारी आणि जखमी धरून. जवळचं स्वीडिश ठाणं शेकडो कोस दूर. पीटर हरला असता तरी मागे हटून पुढच्या वर्षी पुन्हा फौज उभी करू शकत होता. नार्वानंतर त्याने तेच केलं. चार्ल्सला एकही लढाई हरणं परवडणार नव्हतं आणि एकही जिंकून भागणार नव्हतं. तो पोल्टावाचा वेढा घालून बसला तेव्हा रशियन कर्नल केलिनची चारेक हजारांची शिबंदी त्याच्याच्याने आठ-नऊ आठवड्यांत हटली नाही. जो एक मातीचा कोट घेऊ शकला नाही तो मॉस्को घेणार होता?

(अवांतर: तारखेवरून गोंधळ होतो म्हणून सांगतो. ही लढाई रशियन पंचांगाने २७ जून, आजच्या पंचांगाने ८ जुलै, आणि स्वीडनने त्या काळात स्वतःचंच एक वेगळं पंचांग चालवलं होतं त्याने २८ जून. तिन्ही बरोबर आहेत.)

तोफखाना

मॉस्को नसता घेतला, कबूल. पण मॉस्को न घेणं आणि पानिपत होणं यात फरक आहे. जिंकलेली फौज पोलंडकडे परतली असती, रीगा १७१० मध्ये गेलं नसतं, युद्ध संपवणाऱ्या १७२१ च्या तहात लिव्होनिया आणि एस्टोनिया असे रशियाला उचलून द्यावे लागले नसते. एका सकाळीवर एवढं अवलंबून होतं, म्हणून मी त्या सकाळीपाशी अडून बसलोय.

आणि नाचणीताईंच्या होड्यांवरून मला पेरेव्होलोच्नाच आठवतं. राजा आणि माझेपा हजारेक-दीड हजार माणसांसह कसेबसे नीपर उतरून तुर्की मुलखाकडे गेले. मागे लेव्हेनहाउप्टकडे चौदा हजारांहून जास्त माणसं. मेन्शिकोव्ह आला तो नऊ हजार घेऊन. आकडा स्वीडनच्या बाजूने! तरी लेव्हेनहाउप्टने लढायचा हुकूम दिला नाही. त्याने पलटणींकडे माणसं पाठवून विचारलं, तुम्ही लढाल का? सेनापतीने शिपायांना हे विचारायचं असतं का? मला तिथे त्या सकाळचाच दोष पुन्हा दिसतो, हुकूम द्यायला कुणी नाही.

सुभेदार_निवृत्त

तिथे मला दुसरं दिसतं. काही पलटणी म्हणाल्या लढू, काही गप्प राहिल्या. ज्या गप्प राहिल्या त्यांचं उत्तर लेव्हेनहाउप्टला समजलं. खिंडीखाली माझ्या ड्रायव्हरने मला जे विचारलं ते त्याने तोंडाने विचारलं, म्हणून मी त्याला समजावू शकलो. बाकीचे अठ्ठेचाळीस जण काही बोलले नव्हते, आणि रात्रभर मी त्यांच्याच काळजीत होतो.